गाडीचं नाक

"वाहनात धोकादायक वास आढळला आहे. कृपया सर्वांनी उतरून मोकळ्या जागी जावे," राजहंस अतिशय गोड आवाजात म्हणाली, आणि भर रहदारीत, चालवणाऱ्या बाईला विचारायची तसदीही न घेता, रस्त्याच्या कडेला सरकून उभी राहिली.

शशिकलाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मग मागे वळून विचारलं, "कुणी लावलाय बाम?"

मागच्या सीटवरून कोळेकर अण्णांनी चोरट्यासारखा हात वर केला. "गुडघा लई ठणकत होता ओ. एवढासाच लावलाय, नखाएवढा."

"नखाएवढा तुम्हाला, अण्णा. हिच्या नाकाला तो डोंगराएवढा! सांगून सांगून माझं तोंड दुखलं. गाडीत बसताना बाम नाही, अत्तर नाही, पिकलेला पेरू नाही."

"मैंने तो आज अत्तर नाही लावलं हां," रझियाभाभींनी आधीच हात झटकले. मागच्या खेपेला त्यांच्यापायी अख्खी गाडी विश्रामबागच्या चौकात उभी राहिली होती.

तिघं पेशंट एकमेकांच्या आधाराने खाली उतरले. तिसरे पेशंट म्हणजे शशिकलाचा नवरा, विश्वासराव. पाय सुजलेले, चेहरा राखेच्या रंगाचा, पण जीभ शाबूत. उन्हात उभं राहून ते म्हणाले, "गाडीला नाक दिलं आणि आमच्या किडन्या काढून घेतल्या. वाटप करणाऱ्यानं काहीतरी घोळ घातलाय बघा."

कुणी हसलं नाही. सांगलीहून मिरजेला डायलिसिसला जायची वेळ ठरलेली असते, आणि ती कुणाच्या विनोदासाठी थांबत नाही.

ही राजहंस घेतली तेव्हा शशिकलाने पेढे वाटले होते. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा मिरजेला न्यायचं, तर आपलीच आठ माणसांची विजेवरची गाडी असलेली बरी. जाताजाता गल्लीतल्या आणखी दोघांची सोय होईल. गाडी सुचवली होती तिच्या सख्ख्या भाच्याने. निरंजन तडित मोटर्सच्या सांगलीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिनिअर होता. "मावशी, डोळे झाकून घे," असं तो म्हणाला होता, आणि मावशीने खरंच डोळे झाकले होते.

मग राजहंस गाड्या पेटायला लागल्या. चालताना नाही, तर उभ्याउभ्या. कुणाची अंगणात, कुणाची चार्जिंगला लावलेली, एक तर लग्नाच्या हॉलसमोर फुलांच्या माळांसकट. सरकारने डोळे वटारले, कंपनीने सगळ्या गाड्या रिकॉल केल्या. रिकॉल म्हणजे चूक आमची, गाडी घेऊन या, फुकट दुरुस्त करून देतो. ऐकायला किती छान! पण देशभरातल्या गाड्यांना पुरतील एवढ्या नव्या बॅटऱ्या आणायच्या कुठून? शशिकलाला आधी दिवाळीची तारीख मिळाली, मग गुढीपाडव्याची, मग 'आपणास कळविण्यात येईल' अशी. तोवर जीव मुठीत धरून बसू नका, म्हणून कंपनीने प्रत्येक गाडीला एक नाक बसवून दिलं. हीच बॅटरी वापरणाऱ्या रिक्षांनाही तेच. नाक ज्याने काढलं त्याची गाडी सुरूच होत नसे.

विश्वासराव रसायनशास्त्राचे मास्तर. सगळं आयुष्य नववी-दहावीला शिकवण्यात गेलेलं. नाक बसवलं त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात बसून बायकोला समजावून सांगितलं होतं. बॅटरी म्हणजे शेकडो छोट्या डब्यांची चळत. प्रत्येक डब्यात एक द्रव असतो आणि त्यातून विजेचे कण ये-जा करतात. हा द्रव पाण्यासारखा गरीब नाही, चटकन पेट घेणारा आहे. राजहंसच्या बॅटरीत डब्यांना जोडणारे वेल्डिंगचे सांधे कच्चे राहिले होते. कच्च्या सांध्यातून वीज गेली की तो तापतो, शेजारचा डबा तापवतो, आतल्या द्रवाची वाफ होते, डबा फुगतो आणि त्याच्या शिवणीतून वाफ झिरपायला लागते. पुढे आतला पातळ पडदा वितळतो, शॉर्ट सर्किट होतं, आणि एक डबा पेटला की तो दुसऱ्याला पेटवतो. पण झिरपणं आणि पेटणं यांच्यामध्ये थोडा अवधी असतो. तेवढ्यात त्या वाफेचा वास ज्याला कळला तो वाचला.

"म्हणून हे नाक," ते म्हणाले होते. "आत धातूच्या ऑक्साइडच्या बारीक पट्ट्या आहेत. वायू येऊन चिकटला की पट्टीतून वीज कमी-जास्त वाहते. प्रत्येक वासाची नक्षी वेगळी."

"आणि कुठली नक्षी वाईट, ते ह्याला कोण सांगणार?"

"तेच तर नवीन आहे, शशी. ते स्वतः शिकतं. देशातल्या सगळ्या राजहंस रोज हुंगलेले वास कंपनीच्या कॉम्प्युटरला कळवतात. लाखभर गाड्यांनी एखादा वास घेतला आणि एकही जळली नाही, तर तो वास निरुपद्रवी. मग तसं सगळ्या नाकांना सांगितलं जातं."

"म्हणजे बहुमतानं."

"बहुमतानं."

"मग झालंच कल्याण," शशिकला म्हणाली होती.

सुरुवातीला नाक कशालाही भ्यायचं. डायलिसिसहून परतणाऱ्या माणसांच्या अंगाला स्पिरिटचा वास असतोच, त्यामुळे येताना गाडी थांबायची. जाताना बामामुळे थांबायची. थांबली की दारं उघडी टाकून, नाकाची खात्री पटेपर्यंत, म्हणजे त्याच्या मर्जीनुसार, रस्त्यावर उभं राहायचं. रिक्षांचीही तीच गत, त्यामुळे दुसरं वाहन मिळण्याची पंचाईत. मागच्या महिन्यात एकदा अशीच रखडल्यावर हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत विश्वासरावांचं मशीन दुसऱ्याला दिलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फुप्फुसात पाणी साचलं. आयसीयूच्या काचेबाहेर उभी राहून शशिकलाने त्यांना मासळीसारखं तोंड उघडून श्वास ओढताना पाहिलं. डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा पाळी चुकली तर मी काही सांगू शकत नाही." त्याच संध्याकाळी तिने निरंजनला फोन करून जे काही सुनावलं, त्यानंतर मावशी-भाच्याचं बोलणंच बंद झालं.

आज मात्र अण्णांचा गुडघा पुसून, दारं उघडी टाकून, शेवटच्या क्षणी ते पोचले. शशिकलाने पार्किंगमध्ये गाडीच्या टायरला लाथ मारली. लागलं तिलाच.

त्यानंतर आला दसरा.

आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून, हळदीकुंकू लावून, नारळ फोडून पूजा करायची असते, हे तडित मोटर्सच्या परदेशात बसलेल्या नाकतज्ज्ञांना कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी महाराष्ट्रभर हजारो राजहंसांसमोर एकदम कापूर पेटला, धूप फिरला, उदबत्त्या लागल्या, आणि हजारो गाड्यांनी एका सुरात किंकाळी फोडली. "कृपया मोकळ्या जागी जावे!" लोक आरतीचं ताट हातात घेऊन गाडीपासून पळत होते. शशिकलाच्या अंगणात तर गाडीने स्वतःच्या पूजेवर बहिष्कारच टाकला. दिवसभर जागची हलली नाही. शेजारचे लोक म्हणाले, हिला सोनं द्या, मग ऐकेल.

कंपनीची अब्रू पार धुळीला मिळाली. त्यांनी घाईघाईने सगळ्या नाकांना नवा धडा पाठवला: कापूर निरुपद्रवी आहे, कापराचा वास असेल तेव्हा बाकीच्या किरकोळ वासांकडे फार लक्ष देऊ नये.

हा धडा शशिकलाला कुणी वाचून दाखवला नाही. तो तिला आपोआप कळला. पूजेच्या वेळी तिने लिंबू-मिरचीबरोबर कापराच्या वड्यांची एक पुरचुंडीही गाडीत आरशाखाली बांधली होती. तिच्या आईची ती जुनी सवय. दसऱ्यानंतर अण्णा बाम चोपडून आले, गाडी गप्प. रझियाभाभींनी भाचीच्या साखरपुड्याचं म्हणून अत्तर लावलं, गाडी गप्प. येताना तिघांच्या अंगाला स्पिरिट, तरी गाडी गप्प! शशिकलाने एकदा पुरचुंडी काढून पाहिली, आणि अर्ध्या रस्त्यात राजहंस उभी राहिली. पुन्हा बांधली, चालायला लागली.

"अहो, कळलं का?" घरी येऊन ती नाचायचीच बाकी राहिली होती. "एवढे मोठे इंजिनिअर, एवढा मोठा कॉम्प्युटर, आणि त्याचं तोंड बंद करायला काय लागलं? कापराची वडी!"

विश्वासराव हसले, पण पुरते नाही. "नाक बंद झालं, शशी. तोंड नाही."

"काही का होईना, तुम्ही वेळेवर पोचताय ना?"

ते पोचत होते. पुढच्या काही आठवड्यांत एकही पाळी चुकली नाही. पायांची सूज उतरली, चेहऱ्यावर जरा रंग आला. शशिकलाने आपला शोध 'राजहंस त्रस्त मंडळ' या फोनवरच्या ग्रूपवर टाकला, आणि ती एका दिवसात पुढारी झाली. सांगली, कोल्हापूर, सातारा करत कापराच्या पुरचुंड्या पार नागपूरपर्यंत गेल्या. रिक्षावाल्यांनी हँडलला बांधल्या. 'वाहन शांती कापूर' म्हणून तयार पाकिटं बाजारात आली. लोक तिला ताई म्हणायला लागले, जिथे भेटतील तिथे हात जोडायला लागले. आणि कॉम्प्युटर रोज मुकाट्याने शिकत होता.

एका संध्याकाळी निरंजन दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले.

"पाणी दे की त्याला," विश्वासराव म्हणाले.

शशिकलाने तांब्या आणून ठेवला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

"मावशी, कापूर काढ."

"का रे? कंपनीच्या पोटात दुखतंय?"

"कंपनी खूश आहे! तक्रारी बंद झाल्या म्हणून पुण्यात केक कापला त्यांनी. दुखतंय माझ्या पोटात. काका, तुम्हीच समजवा हिला. कापराआड खरी वाफ लपतीय. आणि तेवढ्यावर भागलं असतं तर..." तो पाणी प्यायला. "हे नाक बहुमतानं शिकतं. आता हजारो गाड्यांत रोज कापूर. त्यातल्या काही गाड्यांच्या बॅटऱ्या बारीक झिरपतायत. झिरपल्या तरी लगेच पेटत नाहीत. कॉम्प्युटरला काय दिसतं? कापूर आणि वाफ एकत्र येतात, रोज येतात, आणि काही होत नाही. मग त्यानं ठरवलं, ही वाफ पण निरुपद्रवी. हे त्यानं सगळ्या नाकांना शिकवलंय. ज्यांनी कापूर बांधला नाही त्यांनासुद्धा."

विश्वासराव म्हणाले, "वर्गात सगळ्यांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं, म्हणून मास्तरनं तेच बरोबर धरलं."

"तसंच. मी वर कळवलं. ते म्हणतात, अपघाताची नोंद दाखवा. म्हणजे एक जळायची वाट बघायची!"

"माझ्यावर का ओरडतोस?" शशिकला उसळली. "कच्चे सांधे मी केले? नाक मी बसवलं? कंपनीनं बॅटरी बदलून दिली असती तर मला कापूर बांधायची हौस होती होय? तुझ्या काकांना त्या काचेतनं मी बघितलंय, निरंजन. तू नव्हतास तिथं. कापूर काढला, गाडी थांबली, पाळी चुकली, तर काय करू? तुझ्या सर्व्हिस सेंटरात नेऊन झोपवू त्यांना?"

निरंजन मान खाली घालून बसला. "मीच घे म्हटलं होतं तुला ही गाडी. झोप लागत नाही मावशी मला."

शशिकलाला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा आणखी राग आला.

"मला पोचायचंय, शशी," विश्वासराव हळूच म्हणाले. "मला कापूर चालेल. माझं काय, मी दोन्हीकडून सारखाच. पण अण्णांना विचारलंस? रझियाभाभींना विचारलंस? त्या गाडीत तुझ्या भरवशावर बसतात, कापराच्या नाही."

हा माणूस भांडत नसे, हीच त्याची मोठी खोड. भांडला असता तर उत्तर देता आलं असतं. शशिकला तरातरा अंगणात गेली, पुरचुंडी ओढून तोडली, मॅट काढून धुतल्या, सीट पुसल्या आणि चारही दारं उघडी टाकली. "काढला! उद्या थांबली रस्त्यात, की फोन तुमच्या लाडक्याला तुम्ही करायचा."

निरंजन जाताना गाडीपाशी थांबला. "वाफेचा वास गोडसर असतो, मावशी. केळी पिकून उतरतात ना, तसा. नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा पण. हिच्यावर विसंबू नको."

"मग हिला लावलंय कशाला?"

त्याने मोटारसायकल सुरू केली.

सकाळी गाडी सुरू केल्यापासून शशिकलाचे कान राजहंसच्या आवाजाकडे लागले होते. आता थांबेल, मग थांबेल. पण राजहंस शहाण्या मुलीसारखी चालत राहिली. सांगलीची वस्ती मागे पडली. मागून अण्णा खुशीत म्हणाले, "बघा की वहिनी, आज दोन्ही गुडघ्यांना लावलाय, तरी गप हाय!"

कापूर नाही, बाम आहे, आणि नाक गप्प? म्हणजे कापराच्या संगतीत हे बामालाही निरुपद्रवी मानायला शिकलं. शशिकलाने काच वर केली, पंखा बंद केला आणि दीर्घ श्वास घेतला. बाम, बाम, अण्णांची तंबाखू, धुतलेल्या मॅटचा ओला वास. आणि त्या सगळ्याखाली काहीतरी गोड.

"भाभी, केळी आणलीत का?"

"केळी? नाही बा. पोटॅशियम असतंय, डॉक्टर मारेल मला."

"अहो, तुम्हाला काही वास येतोय?"

"मला दोन वर्षांत चहाचासुद्धा वास आलेला नाही," विश्वासराव म्हणाले. आजाराने त्यांचं नाक केव्हाच नेलं होतं.

"मला बामाचाच येतोय," अण्णा म्हणाले. "चला ओ, उशीर होतोय."

शशिकलाने डॅशबोर्डवरचं बटण दाबलं. राजहंस लगेच बोलली, "आपली गाडी सुरक्षित आहे. प्रवास सुखाचा होवो."

किती महिने ती हे वाक्य ऐकायला तरसली होती! ते आलं ते नेमकं आज. पुढे थोड्याच अंतरावर हॉस्पिटल, विश्वासरावांच्या नावाचं मशीन तयार, आणि गाडी स्वतः सांगतेय की जा. वास खरंच आहे, की निरंजनने डोक्यात भरवून दिला म्हणून येतोय? तिने पुन्हा नाक ओढलं. गोडवा होता. नव्हता. होता.

तिने ब्रेक दाबला.

"उतरा सगळे," ती म्हणाली. "मोकळ्या जागी जा."

"आता तुम्ही पण?" अण्णा जवळजवळ रडकुंडीला आले. "गाडी हो म्हणतीय आणि तुम्ही नाही म्हणताय? काय चाललंय काय!"

विश्वासरावांनी तिच्याकडे पाहिलं. "खात्री आहे?"

"नाही," शशिकला म्हणाली. "उतरा."

विश्वासराव उतरले, मागोमाग बाकीचे दोघं. जागा एका जुन्या पेट्रोल पंपासमोरची होती. पंप बंद पडल्यापासून तिथे चहाचं हॉटेल चालायचं. शशिकला रस्त्यात मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली. मागून हळदीची पोती भरलेला एक जुनाट डिझेलचा टेम्पो येत होता. ड्रायव्हरने शिव्या घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने तिघा पेशंटांकडे बोट दाखवलं. "डायलिसिसचे आहेत. मिरजेला सोड. दादा, पाया पडते." भाभी पुढे बसल्या, अण्णा आणि विश्वासराव मागे पोत्यांवर. "तू?" विश्वासरावांनी वरून विचारलं. "हिच्यापाशी कुणीतरी थांबायला नको? जा तुम्ही," ती म्हणाली. टेम्पो हलला, आणि तो वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली.

मग ती राजहंसपासून लांब उभी राहून वाट बघायला लागली. काहीच होईना. हॉटेलवाला बाहेर आला.

"मावशी, गाडी काढा की. गिऱ्हाईकाला आत यायला जागा नाही."

"जवळ येऊ नको. वास येतोय."

"कसला वास?"

"गोड."

त्याने तिच्याकडे जसं बघितलं, तसं ती इतके महिने गाडीकडे बघत आली होती. "अहो, गाडी काय म्हणतीय ऐका. सुरक्षित म्हणतीय ना?" उघड्या दारातून राजहंस खरोखरच पुन्हा पुन्हा सांगत होती, आपली गाडी सुरक्षित आहे, कृपया दार बंद करून प्रवास सुरू करावा. दोन गिऱ्हाईकं हसली. एकाने व्हिडिओ काढायला फोन वर धरला. शशिकलाला वाटलं, आपण वेड्या झालो. तिकडे नवरा हळदीच्या पोत्यावर हेलकावे खातोय, पोचला की नाही माहीत नाही, आणि आपण इथे केळ्याच्या वासापायी रस्ता अडवून बसलोय. निरंजनचा गळा धरावासा वाटला. कंपनीचा, सरकारचा, त्या कॉम्प्युटरला गळा असता तर त्याचाही.

आधी कुकरची शिट्टी सुटताना येतो तसा सुस्कारा ऐकू आला. गाडीच्या पोटाखालून पांढरा धूर लोळत बाहेर आला. कुणी हललं नाही.

"पळा!" शशिकला ओरडली.

धूर काळा झाला, खालून जाळाची जीभ सणकन आडवी सुटली, आणि बघता बघता मधली सीट, म्हणजे जिथे विश्वासराव बसायचे ती सीट, पेटली. हॉटेलवाला आणि गिऱ्हाईकं धावत रस्त्यापलीकडे गेली. "आपली गाडी सुरक्षित आहे," राजहंस जाळातून म्हणाली. "प्रवास सुखाचा..." मग तिचा आवाज ओघळला आणि बंद पडला.

अग्निशमनची गाडी येऊन पाणी मारत राहिली, तरी आग विझून विझून पुन्हा पेटत होती. मावशीचा फोन मिळताच निरंजन मोटारसायकलवरून धडपडत आला. ती फुटपाथवर बसलेली दिसताच तो तिच्यासमोर मटकन खाली बसला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मिळाली बघ तुझी अपघाताची नोंद," ती म्हणाली. "जा, दाखव तुझ्या साहेबांना." आणि मग तिलाच रडू फुटलं.

तेवढ्यात फोन वाजला. विश्वासराव होते. "लावलं बाई मशीन. नर्स आधी घाबरली. तिला वाटलं, काविळीची केस आली. सगळा पिवळा झालोय. मी म्हटलं, दुसऱ्यांदा हळद लागलीय, बायको तीच. गाडी कशी आहे?"

"तुम्ही पडून राहा," शशिकलाने नाक पुसलं. "मी येते."

निघण्याआधी तिने मंडळाच्या ग्रूपवर जळणाऱ्या गाडीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'कापूर मी सांगितला होता. मी चुकले. आजच्या आज काढा. गाडीचं नाक आता बिघडलंय, कापूर नसला तरी बिघडलंय. केळ्यासारखा गोड वास आला की आधी उतरा.' निरंजनने आपलं नाव घालून तोच मजकूर पुढे पाठवला. नोकरीचं काय होईल, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही नाही.

पहिलं उत्तर पटकन आलं. 'ताई, मग कापराऐवजी दुसरं काय बांधायचं?'

शशिकलाने कपाळावर हात मारून घेतला आणि फोन पिशवीत कोंबला.

निरंजनला पंचनाम्यासाठी थांबायचंच होतं. त्याने तिच्यासाठी रिक्षा थांबवली, तडितचीच बॅटरी असलेली. शशिकला चढली नाही. आधी वाकली आणि सीटखाली तोंड घालून वास घ्यायला लागली. येणारे-जाणारे बघत होते.

"बसा की ओ मावशी, काय हुंगताय?" रिक्षावाला वैतागला. "पाठीमागं लाइन लागलीय."

ती उठून उभी राहिली. त्याच्या हँडलला कापराची पुरचुंडी लोंबत होती, 'वाहन शांती'वाली.

"ते काढ आधी."

"हे? अहो, हे काढलं की गाडी थांबतीय!"

"थांबू दे," शशिकला म्हणाली.